विंडोज अपग्रेड करावी की सगळे पुसून नव्याने टाकावी?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबवली. तेव्हापासून गोव्यातील फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांतील परिचित मला एकच प्रश्न वारंवार विचारतात : विंडोज ११ घेताना आहे त्या संगणकावरच अपग्रेड करावे, की सगळे पुसून ती नव्याने टाकावी? संगणक दुकानात नेला तर उत्तर बहुधा ठरलेले असते, ‘फॉरमॅट मारूया, नव्यासारखा चालेल.’ या सल्ल्यात तथ्य असते आणि दुरुस्ती करणाऱ्याला तो सोयीचाही असतो, कारण जुन्या प्रणालीतील दोष शोधत बसावे लागत नाही. मात्र त्या तासाभरात काय पुसले गेले, याचा हिशेब संगणकाच्या मालकालाच ठेवावा लागतो आणि तो बहुतेक वेळा नंतर मांडला जातो.

म्हणून माझे मत आरंभीच सांगतो. हा निर्णय संगणक किती मंद झाला आहे यावरून घेऊ नये. त्या संगणकावर असे काय आहे जे पुसले गेल्यावर पुन्हा मिळणार नाही, याची यादी आधी करावी आणि त्या यादीवरून निर्णय घ्यावा.

दोन्ही मार्गांत नेमके काय घडते

अपग्रेड करताना नवी विंडोज जुन्या विंडोजच्या जागी बसते आणि आपले प्रोग्राम, सेटिंग्ज व फाइल्स जागच्या जागी राहतात. जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवली जाते आणि नवी पसंत पडली नाही, तर १० दिवसांच्या आत मागे परतता येते. याची किंमत अशी की जुने ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम), अर्धवट काढलेले प्रोग्राम आणि वर्षानुवर्षांचा साचलेला गाळही सोबत येतो.

क्लीन इन्स्टॉलमध्ये, म्हणजे आपण ज्याला फॉरमॅट मारणे म्हणतो त्यात, विंडोजचा कप्पा पुसला जातो आणि त्यावर नवी प्रणाली बसते. प्रोग्राम, पासवर्ड, प्रिंटर, फॉन्ट यांपैकी काहीही आपोआप परत येत नाही, आणि मागे परतण्याची सोयही उरत नाही.

या दोहोंच्या मधला मार्ग ‘रिसेट धिस पीसी’ हा आहे. त्यात फाइल्स ठेवून प्रोग्राम काढून टाकता येतात, परंतु आवृत्ती बदलत नाही. विंडोज ११ आधीच असेल आणि फक्त बिघडली असेल, तर क्लीन इन्स्टॉलकडे वळण्यापूर्वी हा मार्ग पाहावा.

मराठी मजकूर असलेल्या संगणकाविषयी विशेष

हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण मराठीत काम करणाऱ्यांची सर्वांत मोठी हानी येथेच होते आणि इतर भाषांतील मार्गदर्शनात तिचा उल्लेख सहसा सापडत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरील नाट्यमंडळाचा संगणक दुरुस्तीसाठी दिला होता. जत्रेला सादर केलेल्या अनेक नाटकांच्या संहिता, तालमींच्या प्रती, देणगीदारांच्या याद्या असे सर्व त्यात होते. संगणक फॉरमॅट होऊन परत आला. सर्व फाइल्स डी ड्राइव्हवर होत्या, त्यामुळे त्या सुरक्षित राहिल्या आणि आम्ही निश्चिंत झालो. पहिली संहिता उघडली तेव्हा पानभर रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा गुंता दिसला. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण पद्धतीत नव्हता, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला होता. तो फॉन्ट सी ड्राइव्हसोबत पुसला गेला होता आणि त्याची सीडी कोणाकडेही नव्हती. तोच फॉन्ट दुसऱ्या एका जुन्या संगणकावर सापडेपर्यंत तालमी हस्तलिखितावरून घ्याव्या लागल्या.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत प्रत्यक्षात देवनागरी नसते. आत रोमन अक्षरांचे संकेतांक असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो, त्यामुळे फॉन्ट गेला की मजकूर असूनही वाचता येत नाही. देवस्थान समित्या, भजनी मंडळे, वाचनालये आणि छापखाने यांच्याकडील जुन्या फाइल्स बहुधा अशाच असतात. म्हणून कोणताही निर्णय घेण्यापूर्वी सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरच्या आतील ‘फॉन्ट्स’ हा संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. सवड मिळेल तसा हा मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात, म्हणून परिवर्तनानंतर एकदा वाचून घेणे आवश्यक असते.

युनिकोड वापरणाऱ्यांनाही एक छोटी अडचण येते. विंडोज १० आणि ११ मध्ये मंगल, कोकिला, अपराजिता हे फॉन्ट मूळ प्रणालीचा भाग नसून देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचात येतात. क्लीन इन्स्टॉलनंतर मंगलमध्ये मांडलेले पत्रक उघडले, तर अक्षरे दिसतात, परंतु वेगळ्या फॉन्टमुळे ओळी सरकतात आणि एका पानाचे पत्रक दीड पानावर जाते. सेटिंग्जमधील भाषेच्या विभागात मराठी भाषा जोडली की हा संच उतरवला जातो. त्याच ठिकाणी इनस्क्रिप्ट किंवा मराठी फोनेटिक कळफलकही निवडता येतो.

यादी कशी करावी

कागद घ्यावा आणि संगणकासमोर बसून लिहावे. डोक्यात यादी धरली तर नेमकी एक गोष्ट सुटते.

प्रथम परवान्याचे प्रोग्राम लिहावेत. टॅली वापरणाऱ्या दुकानदाराने फॉरमॅट करण्यापूर्वी टॅलीतूनच परवाना ‘सरेंडर’ करावा, म्हणजे तो नव्या प्रणालीत अडचणीविना पुन्हा चालू करता येतो. टॅलीच्या हिशेबाचा फोल्डर अनेकदा सी ड्राइव्हवरच असतो, त्यामुळे त्याचा पत्ता प्रोग्राममध्ये पाहून तो लिहून ठेवावा. डिजिटल सहीचा टोकन वापरत असल्यास त्याचा ड्रायव्हर कोठून मिळतो, हेही नोंदवावे. जुना प्रिंटर किंवा स्कॅनर असेल, तर त्या मॉडेलसाठी विंडोज ११ चा ड्रायव्हर उत्पादकाने दिला आहे का, हे आधीच पाहावे. तो नसेल, तर अपग्रेड आणि क्लीन इन्स्टॉल या दोन्ही मार्गांनी तो प्रिंटर अडू शकतो.

त्यानंतर फाइल्स. ‘माझे सगळे डी ड्राइव्हवर आहे’ असे बहुतेक जण सांगतात आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स व डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर सी ड्राइव्हवर असतात हे विसरतात. आउटलुकची टपाल फाइल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क हेही तेथेच असतात. वनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी फाइलीशेजारचे चिन्ह पाहावे. ढगाचे चिन्ह असेल, तर ती फाइल संगणकावर नसून केवळ इंटरनेटवरील साठ्यात आहे, आणि खात्याचा पासवर्ड माहीत असेल तरच ती परत मिळेल.

शेवटी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजमधील सोय. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि मालकाला त्याची कल्पना नसते. प्रणालीत किंवा बायोसमध्ये (संगणक सुरू होताना प्रथम चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्राममध्ये) बदल झाल्यावर संगणक अचानक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ही की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता, त्या खात्यात सहसा सापडते. ती कागदावर उतरवून घ्यावी. ती न मिळाल्यास त्या डिस्कवरील फाइल्स मालकालाही उघडता येत नाहीत.

संगणक विंडोज ११ साठी पात्र आहे का

विंडोज ११ साठी ६४ बिटांचा प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) व त्यातील सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी यंत्रणा) आवश्यक आहे. प्रोसेसर ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, अथवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचा लागतो. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा विनामूल्य प्रोग्राम हे सर्व तपासून सांगतो. नियमाप्रमाणे ४ जीबी रॅम चालत असली, तरी तेवढ्यावर विंडोज ११ कष्टाने चालते. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) असल्याशिवाय मी कोणालाही ती घेण्याचा सल्ला देत नाही.

टीपीएम नाही असा निकाल आला, तर लगेच निराश होऊ नये. अनेक संगणकांत ते असते, परंतु बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या मदरबोर्डवर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मदरबोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते.

प्रोसेसरच जुना असेल, तर अटींना वळसा घालून विंडोज ११ बसवता येते. परंतु अशा संगणकांना पुढील अद्यतने मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, त्यामुळे हिशेबाच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावर हा प्रयोग करू नये. विंडोज १० साठी ग्राहकांना देऊ केलेल्या वाढीव सुरक्षा अद्यतनांची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी आहे. केवळ इंटरनेट आणि लेखनासाठी वापरला जाणारा जुना संगणक असल्यास उबुंटू किंवा लिनक्स मिंट हा चांगला पर्याय ठरतो.

निर्णय

संगणक व्यवस्थित चालतो, विंडोज मूळ परवान्याची आहे, डिस्क निरोगी आहे आणि वर केलेली यादी लांबलचक आहे, अशा स्थितीत अपग्रेड करावे. गावातील किराणा दुकानाचा हिशेबाचा संगणक, छापखान्याचा संगणक, वाचनालयातील पुस्तकनोंदणीचा संगणक हे सर्व या गटात येतात. अपग्रेडनंतर काही बिघडलेच, तर क्लीन इन्स्टॉलचा मार्ग तेव्हाही खुला असतो, उलट दिशेने मात्र येता येत नाही. शंका असल्यास आधी अपग्रेड, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

काही परिस्थितींत मात्र क्लीन इन्स्टॉलच करावे आणि त्यात चालढकल करू नये. संगणकात व्हायरस शिरला असेल, किंवा विंडोज परवान्याविना ‘ॲक्टिव्हेटर’ वापरून चालू केलेली असेल, तर अपग्रेड केल्याने तो संसर्ग जसाच्या तसा नव्या प्रणालीत येतो. जोडणी करून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये हा प्रकार पुष्कळदा आढळतो आणि मालकाला त्याची माहितीही नसते. संगणक दुसऱ्याकडून विकत घेतला असेल, तरीही पुसून टाकणेच इष्ट, कारण आधीच्या माणसाने त्यात काय ठेवले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. विंडोज १० ची ३२ बिटांची आवृत्ती असल्यास प्रश्नच उरत नाही. विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे आणि ३२ वरून ६४ वर अपग्रेड होत नाही.

संगणक मंद असणे हे एकटे कारण मी क्लीन इन्स्टॉलसाठी पुरेसे मानत नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर नव्याने टाकलेली विंडोजही थोड्याच दिवसांत रेंगाळू लागते. अशा वेळी आधी डिस्कचे आरोग्य ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या प्रोग्रामने तपासावे. तेथे इशारा दिसला, तर दोन्ही मार्ग थांबवून प्रथम फाइल्स वाचवाव्यात आणि डिस्क बदलावी. नवी एसएसडी बसवल्यावर त्यावर क्लीन इन्स्टॉल करणे सर्वांत सुरक्षित असते, कारण जुनी डिस्क बाजूला काढून तशीच ठेवता येते.

बॅकअप

अपग्रेडमध्ये फाइल्स राहतात म्हणून बॅकअप नको, हा समज चुकीचा आहे. यादीतील सर्व काही बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावे आणि ज्या फाइल्सवाचून चालणारच नाही त्यांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवावी. डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तीवर जात नाही. अशा डिस्कसाठी आधी ती रिकामी असल्याची खात्री करून एक्सफॅट ही पद्धत वापरावी.

प्रत घेतल्यावर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून दहाबारा फाइल्स प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. फोल्डरचे नाव दिसणे आणि आतील फाइल उघडणे यांत फार अंतर असते. आमच्या नाट्यमंडळाच्या संहिता दुसऱ्या संगणकावर आधी एकदा उघडून पाहिल्या असत्या, तर फॉन्टची उणीव तेव्हाच कळली असती.

वेळ आणि वीज

गोव्यात जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. सत्तरी आणि पेडण्याच्या आतल्या गावांत तर एखादी फांदी तारेवर पडली की तास न् तास वाट पाहावी लागते. लॅपटॉप असल्यास बॅटरी पूर्ण भरून चार्जर जोडून ठेवावा. डेस्कटॉप असल्यास यूपीएस किंवा इन्व्हर्टरशिवाय काम सुरूच करू नये. अपग्रेड चालू असताना वीज गेली, तर बहुतेक वेळा प्रणाली स्वतःहून मागे परतते. क्लीन इन्स्टॉल अडले, तर ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. बायोसचे अपडेट करताना वीज गेली, तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम पाऊस आणि गडगडाट असलेल्या दिवशी मुळीच करू नये.

एसएसडीवर क्लीन इन्स्टॉल सुमारे अर्ध्या तासात होते. अपग्रेडला एक ते दोन तास आणि फिरत्या डिस्कवर त्याहून बराच अधिक वेळ लागतो. चवथीच्या तोंडावर आरत्यांच्या पुस्तिका आणि वर्गणीच्या पावत्या छापायच्या असतात, वर्षअखेरीस हिशेब पुरे करायचे असतात. अशा दिवसांत यापैकी काहीही हाती घेऊ नये. पुढचे दोन दिवस संगणकावाचून चालेल, असा आठवड्याचा शेवट निवडावा.

अपग्रेड करताना

सी ड्राइव्हवर किमान २५ ते ३० जीबी जागा मोकळी करावी. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस तात्पुरता काढावा, बिटलॉकर चालू असल्यास ‘सस्पेंड’ करावा आणि माउस व कीबोर्ड सोडून बाकीची उपकरणे सोडवावीत. त्यानंतर सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमध्ये विंडोज ११ दाखवले जात असल्यास तेथूनच घ्यावी. दिसत नसल्यास मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’ वापरावा. इतर कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवलेली विंडोजची फाइल वापरू नये.

विंडोज ११ ची पूर्ण प्रत उतरवून तिच्यातून ‘सेटअप’ चालवल्यास एका पडद्यावर काय ठेवायचे ते विचारले जाते. तेथे ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ हा पर्याय निवडलेला आहे याची दोनदा खात्री करावी. हा पर्याय फिकट दिसत असेल आणि निवडता येत नसेल, तर तेथेच थांबावे. वेगळ्या भाषेची किंवा वेगळ्या प्रकारची प्रत उतरवली गेल्याचे ते सहसा लक्षण असते. एकदा सुरू झाल्यावर संगणक अनेकदा बंदचालू होतो आणि टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ अडल्यासारखी वाटते. अशा वेळी धीर सोडून बटण दाबू नये.

क्लीन इन्स्टॉल करताना

किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्यावा आणि ‘मीडिया क्रिएशन टूल’ वापरून त्यावर विंडोज ११ उतरवावी. पेनड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते, म्हणून बॅकअपचा पेनड्राइव्ह यासाठी वापरू नये. दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर आपल्या मॉडेलचा वायफाय किंवा नेटवर्कचा ड्रायव्हर ठेवावा, कारण त्याविना सेटअप इंटरनेटच्या पडद्यावर अडू शकतो. ड्रायव्हर नसल्यास मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेथरिंग (मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) चालू केले, तर सहसा काम होते.

संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होमध्ये ती सहसा एफ१२, एचपीमध्ये एफ९ आणि असूसमध्ये एस्केप असते. परवान्याची की विचारली गेली आणि ती हाताशी नसली, तरी ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय घेऊन पूर्वीचीच होम किंवा प्रो आवृत्ती निवडावी. विंडोज १० किंवा ११ सह विकत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये की मदरबोर्डमध्येच साठवलेली असते आणि इंटरनेट जोडल्यावर सक्रियता आपोआप होते.

यानंतरचा पडदा सर्वांत धोक्याचा आहे. तेथे डिस्कचे कप्पे केवळ क्रमांक आणि आकार यांसह दिसतात, सी आणि डी ही अक्षरे सहसा नसतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक कप्प्याचा आकार कागदावर लिहून ठेवावा आणि त्यावरून तो ओळखावा. डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क असतील, तर ज्या डिस्कवर फाइल्स आहेत तिची केबल आधीच काढून ठेवावी. बॅकअपची डिस्कही या वेळी जोडलेली नसावी. डिस्क एमबीआर या कप्पे मांडण्याच्या जुन्या पद्धतीची असल्यास सेटअप नकार देतो. अशा वेळी सर्व कप्पे काढले, तर डिस्क नव्या जीपीटी पद्धतीने मांडली जाते, परंतु त्यात डी ड्राइव्हही जातो, हे लक्षात ठेवावे. काही नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये या पडद्यावर एकही डिस्क दिसत नाही. ती खराब झालेली नसते, तिला इंटेलचा साठवण ड्रायव्हर हवा असतो आणि तो पेनड्राइव्हवरून ‘लोड ड्रायव्हर’ या बटणाने देता येतो.

काम झाल्यावर

विंडोज अपडेट पुन्हा पुन्हा चालवून सर्व ड्रायव्हर येऊ द्यावेत. मराठी भाषा व कळफलक जोडावा, फॉन्ट परत बसवावेत आणि मग कागदावरील यादी घेऊन एकेक गोष्ट तपासावी : टॅली उघडते का, डिजिटल सही चालते का, जुनी संहिता वाचता येते का, प्रिंटरवर पान नीट येते का. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, क्लीन इन्स्टॉलनंतर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास बहुतेक संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. म्हणून नवी रिकव्हरी की त्याच दिवशी लिहून घ्यावी, आधीची की आता उपयोगाची नसते.

अपग्रेड केले असेल, तर ही सारी तपासणी पहिल्या १० दिवसांतच उरकावी. काही अडल्यास सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’ विभागातून ‘गो बॅक’ करता येते. मुदत संपल्यावर जुनी प्रणाली आपोआप पुसली जाते, तोपर्यंत जागा हवी म्हणून ‘विंडोज डॉट ओल्ड’ हाताने काढू नये. बॅकअपची डिस्क मात्र निदान वर्षभर तशीच ठेवावी, कारण वर्षातून एकदाच लागणारी फाइल हरवल्याचे वर्षातून एकदाच कळते.